बंदरावरचं गाऱ्हाणं

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर ढोल घुमत होते, अन् किशोरीचं काळीज धास्तीने त्यांच्या तालावर धडधडत होतं. गेल्या साली चीनची खरेदी थांबली आणि होडी भरून आलेलं म्हाकूल, परदेशी जाणारं स्क्विड, काठावरच कुजलं. यंदाही तसंच झालं, तर होडी विकणंच आलं.

नारळ हाती घेऊन तिच्या सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, “बा दर्याराजा, पोरांका भरभरून म्हाकूल दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बाबानू, ता तर तेना गेल्या वर्साक पण दिल्यान!” किशोरी गर्दीतून ओरडली. “खरा काय ता मागा!”

बंदर खदखदून हसलं. म्हाताऱ्याने नारळ आणखी उंच धरला.

“आणि त्या चिनी लोकांका सपाटून भूक लागांदे, रे म्हाराजा!”

सगळ्यांचे हात जोडले गेले आणि ढोलांच्याही वर आवाज चढला, “व्हय म्हाराजा!”