मोराचं देवक

माझ्या नातीची, वैष्णवीची सुपारी फोडायला आष्टीचे पाव्हणे आले, अन् नवऱ्या मुलाच्या मामानं मोबाईल पुढं केला. नेटवर कुणीतरी आमच्या घराण्याची वंशावळ टाकलती, तिच्यात आमचं देवक मोर लिवलेलं. त्यांचंबी मोरच. एका देवकात सोयरीक होत न्हाई, म्हणून पाव्हण्यांनी सुपारी बाजूला सारली.

मला शंका आली. घरातल्या चार लग्नांत मी सोता देवक म्हणून पाच झाडांची पालवी पुजलीय, मग हा मोर आला कुठून? सैपाकघरात गेले तर वैष्णवी निवांत चहा गाळायली. सोयरीक मोडायलीय अन् पोरीचा हात जरा हलंना.

“वैष्णे, हे तूच लिवलंस ना?”

“माझा नर्सिंगला नंबर लागलाय, आज्जे. बापू ऐकंनात, मग काय करू?”

बाहेर माझा ल्योक घामाघूम झालता. “माय, आपलं देवक पाच पालवी हाय, सांग की ह्यांना.”

मी पदर डोक्यावर घेतला.

“कावून खोटं बोलू, रामेश्वर? माझ्या लग्नात मोर सोता मांडवात आलता. पंगतीला बसला अन् दोनदा बुंदी मागून खाल्ली त्यानं.”