तटस्थ

"ताई, मी कुठेही गेले तरी नवऱ्याला कळतं. उद्या लेकीला घेऊन भावाकडे निघून जाणार आहे. त्याआधी हा फोन साफ करून द्या," बाई दबक्या आवाजात म्हणाली.

मोबाइल-सुरक्षा कंपनीच्या मदतकक्षातल्या मुलीने फोन तपासला. पाळत ठेवणारं अ‍ॅप त्यांच्याच कंपनीचं निघालं. नवऱ्याने रीतसर विकत घेतलेलं.

"मग अडलंय कुठे?" साहेब म्हणाले. "तिला आपलं 'कवच' विक. ते आपलं पाळतीचं अ‍ॅप बरोब्बर शोधून काढतं."

बाईने पैसे भरले. अ‍ॅप निघालं. "फार उपकार झाले, ताई."

तासाभरात नवऱ्याचा फोन आला. "बायको नकाशावर दिसेना! फुकटचे पैसे घेता का?"

साहेब हळूच म्हणाले, "त्याला आपलं महागातलं अ‍ॅप दे. ते 'कवच'ला सापडत नाही. बायको आंघोळीला गेली की फोनमध्ये टाका म्हणावं."

मुलीने फोनवर हात ठेवला. "साहेब, ती उद्या घर सोडतेय. रस्त्यात गाठली तर तो तिला जिवंत ठेवेल का?"

साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं.

"हे बघ, नवरा-बायकोच्या भांडणात आपली कंपनी कुणाचीच बाजू घेत नाही."