नेट बाहेर चाललंय

मेल जाईना. अर्धा तास झाला, पडद्यावरची निळी पट्टी पावभर सरकून गप्प बसली होती. शिवकुमार सरांनी मोडेम बंद करून चालू केला. व्हायरस शोधून झाले. डबा उघडून आतली धूळ फुंकली, शेवटी टेबलावर एक गुद्दाही घातला. ढिम्म! रविवारचे चार वाजले होते. गणिताच्या पेपरची उत्तरसूची सहाच्या आत हेडमास्तरांना पोचायला हवी होती, आणि पेपर उद्या सकाळी अकराला होता.

पेपर सरांनीच काढलेला. दहावीची पूर्वपरीक्षा, संस्थेच्या अठरा शाळा, सगळ्यांना एकच पेपर. असला मान कुणालाही मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी तो आकाराम सरांना मिळाला होता. त्यांचा पेपर फुटला. कसा फुटला ते त्यांनाही कधी कळलं नाही, पण संस्थेनं त्यांना घरी बसवलं. आता ते विम्याचे कागद घेऊन ओळखीच्यांच्या दारात जातात, आणि ओळखीचे आत बसून 'घरात न्हाईत' म्हणून सांगायला लावतात. शिवकुमार सरांनीही एकदा लावलं होतं.

शेवटी राजारामपुरीतनं कॉम्प्युटरवाला बाळासो आला. दिवाळीत ब्रॉडबँड आलं तेव्हा हा कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिला होता, आणि त्यात गाणी उतरवून घ्यायचा एक प्रोग्रॅमही टाकला होता. सरांची थोरली बहीण आक्का गडहिंग्लजहून इथं राहायला आली होती. तिला कानडी भजनांचं वेड. जगात कुणाच्याही कॉम्प्युटरमधली गाणी आपण घ्यायची, आपल्यातली त्यांनी घ्यायची, असा तो मामला.

बाळासोनं दोन खिडक्या उघडल्या आणि हसला. "सर, नेट स्लो न्हाय. लई जोरात हाय. फकस्त घरात यायचं सोडून भाईर चाललंय. लोकं तुमच्यातलं न्यायला लागल्यात."

"नेऊ देत की. भजनंच हैत."

"म्या भजनांचाच फोल्डर वाटायला ठेवलता." बाळासोचं हसू गेलं. "हितं आख्खी डी ड्राइव्ह हाय."

पेपर डी ड्राइव्हमध्ये होता. गणिताच्या खुणा टाइप करताना फॉन्ट दगा देतो, म्हणून हातानं लिहून स्कॅन केलेली चार पानं. बाहेर जाणाऱ्या फायलींच्या यादीत तो लगेच सापडला. 'एसएससी मॅथ्स प्रिलिम फायनल'. दहावीची पोरं दुसरं काय शोधत असणार! नावापुढची पट्टी भरत चालली होती. एक्क्याण्णव टक्के. ब्याण्णव.

सरांनी मोडेमची वायर हिसकली. पट्टी थांबली.

"वाचलो रे बाबा," म्हणून ते पलंगावर टेकले.

बाळासो अजून यादीच वाचत होता. "सर, ह्यो चौथा गडी हुता. तिघांनी पुरी नेलीया. शुक्रवारपासनं."

सर घाबरले. भलतेच घाबरले. तीन म्हणजे तीन थोडेच! एकानं झेरॉक्स काढली की सगळ्या क्लासमध्ये बोभाटा. हेडमास्तरांना आत्ता सांगितलं तर पेपर बदलता आला असता, वेळ होता. पण मग कुठनं गेला तेही सांगावं लागलं असतं. हात फोनपर्यंत गेला. आकाराम सरांचं तोंड डोळ्यांपुढं आलं आणि हात मागं आला.

"बाळासो, कुठनं गेला ते कळतंय का कुणाला?"

"कशाचं कळतंय! समदी टोपणनावं. कोण वाघ, कोण डॉन. मी तुमचं असंच कायतरी घातलंय."

"मग काढ तो प्रोग्रॅम. आणि हे तुझ्या-माझ्यात."

"माझ्या पोटातनं भाईर यायचं न्हाय, सर."

प्रोग्रॅम गेला. वायर परत जोडली. उत्तरसूची दोन मिनिटांत गेली. पाठोपाठ हेडमास्तरांचा फोन वाजला. उत्तरसूची पोचली होती. "शिवकुमार, पेपरचं सगळं ठीक हाय नव्हं? उद्या मला तोंड दाखवायचं हाय."

"ठीक हाय सर. माझ्याकडनं कुणाच्या नजरेला पडला न्हाय."

सरांनी फोन ठेवला. बोलून गेल्यावर बरं वाटलं. बाळासो पिशवी उचलून गेला.

आक्का चहा घेऊन आली. सरांना ती लहानपणापासून कानडीतलं तम्मा म्हणते, धाकटा भाऊ म्हणून. "तम्मा, पडद्यावरचं माझं भजनांचं चित्र कुठं गेलं?"

"काढलं. आक्का, सगळं सामान वाटायला तू ठेवलंस व्हय?"

"मी न्हाय तर कोण! सारखं घ्यायचंच का? शेजारणीची वाटी कधी रिकामी परत केलीया आपण? लोकांची दीडशे भजनं घेतली. म्हटलं, आपल्यात हाय ते समदं नेऊ देत बिचारी."

सरांना रागवायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, "असू दे. दिलं ते दिलं. कुणी दिलं ते तरी कुणाला कळत न्हाय."

आक्काला ते झोंबलं. "न कळायला काय झालं? भांड्यावर नाव घालतोच की आपण! तिथं कसलं तरी येड्यागत नाव हुतं, ते मी खोडलं. तुझं आयकार्ड समोर ठिवून एकेक अक्षर घातलंय, शाळेच्या नावासकट."