पहिल्या छपाईची

दोन्ही रेकॉर्डी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अप्पा म्हणाले, “यातली पहिल्या छपाईची कोणती, ते सांगा.”

दातांचा डॉक्टर खुर्चीत जरा पुढे सरकला. तो अप्पांच्या मुलीला मागणी घालायला आला होता, आणि घरात पाऊल ठेवल्यापासून त्याचं काहीच धड जमत नव्हतं. दार उघडताना अप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांची नजर त्याच्या कानावरून पलीकडे, जिन्यात गेली होती. त्याने पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. आईवडिलांचा फोटो दाखवला, तर “छान” एवढंच म्हणून त्यांनी तो परत दिला. मुलीने त्याला आधीच बजावलं होतं की आई गेल्यापासून अप्पा तुटक वागतात, या वर्षात तर जास्तच. तू मनावर घेऊ नकोस. पण मनावर घेण्याजोगं बरंच होत होतं. आणि आता तिलाच काहीतरी निमित्त काढून खाली दुकानात पिटाळलं होतं, आणि ही परीक्षा.

अप्पांनी नोकरीभर नकाशे काढले होते आणि जन्मभर रेकॉर्डी जमवल्या होत्या. भिंत भरली होती. एकाच रेकॉर्डच्या दोन-दोन, चार-चार प्रती, वेगवेगळ्या छपाईच्या. एकाच बाईशी चारदा लग्न करण्यातला हा प्रकार आहे, असं त्यांचे मित्र म्हणायचे.

डॉक्टरने आयुष्यात रेकॉर्ड हातात धरली नव्हती. समोरच्या दोन्ही लाल लेबलाच्या, त्याच गायिकेच्या, त्याच गाण्याच्या. अंगावर साधी पांढरी पाकिटं. मूळची वेष्टणं छत गळलं तेव्हा लगदा होऊन गेली, असं अप्पांनी सांगितलं. वाजवून बघू का, असं त्याने विचारलं. खुशाल वाजवा, पण उपयोग नाही, अप्पा म्हणाले; दोन्हींचं ध्वनिमुद्रण एकच, दोन्ही सारख्याच जपलेल्या, कानाने मलाही कळत नाही.

मग कसं ओळखायचं तेही त्यांनीच सांगितलं. रेकॉर्ड साच्यातून दाबून काढतात. साचा झिजला की नवा करतात, आणि नव्या साच्यावर पुढचा आकडा कोरतात. तो आकडा रेकॉर्डवर उमटतो, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर, केसाएवढ्या बारीक रेघेत. अगदी शेवटी एक असेल, तर ती पहिली.

“आणि मोठ्याने वाचा,” अप्पा म्हणाले. “परीक्षेत पुटपुटायचं नसतं.”

डॉक्टर रेकॉर्डी घेऊन खिडकीशी गेला. आपल्याला येतं असं काहीतरी अखेर समोर आलं, म्हणून त्याला जरा हुशारी वाटली. चकचकीत, टणक पृष्ठभागावर वाकून बारीकशी रेघ शोधणं हे त्याचं रोजचंच काम. एका रेकॉर्डवरचा आकडा त्याने लगेच वाचून दाखवला. शेवटी तीन होता.

दुसरीवर काही दिसेना. त्याने ती तिरपी केली, उलटी केली, पुन्हा उजेडात धरली. एक तीनची आहे म्हणजे ही एकची, असं ठोकून द्यायचा मोह त्याला झाला. पण ही चारची असली तर? आणि म्हातारा नेमका हेच बघत असला तर?

“हिच्यावरचं मला दिसत नाही, अप्पा. अंदाजाने सांगितलं तर ते खोटं होईल.”

अप्पांनी त्याच्या आवाजाकडे मान वळवली. मग त्यांचा आवाज खाली आला.

“दिसत नसलं, तर दिसत नाही म्हणावं. सगळ्यांना नाही जमत ते. हलका श्वास सोडून बघा तिच्यावर.”

त्याने श्वास सोडला. काळ्या पट्ट्यावर वाफ धरली आणि तिच्यात अक्षरं वर आली. त्याने एकेक मोठ्याने वाचलं. शेवटी एक होता. अप्पांनी पुन्हा वाचायला लावलं. त्याने पुन्हा श्वास सोडला, पुन्हा वाचलं. एकच होता.

अप्पांनी दोन्ही हात पुढे केले. डॉक्टरने रेकॉर्ड त्यांच्या तळव्यांवर ठेवली. ती त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. मग ते सांगू लागले. बाजारात आली त्याच आठवड्यात पोरीच्या आईने ही घेतली होती, लग्नाआधी. त्यांना मात्र मागाहून निघालेली मिळाली. लग्न झालं, दोन्ही एका फळीवर आल्या, आणि बाई जन्मभर त्यांना चिडवत राहिली. माझी अस्सल, तुमची नक्कल. जाताना मात्र सांगून गेली, की माझी आहे ती मुलीला द्या, तिच्या संसारात वाजू दे.

जिन्यात पावलं वाजली. मुलगी परत येत होती.

“धरा,” अप्पा म्हणाले. “ही तुमच्या बायकोची.”

तुमच्या बायकोची. डॉक्टरला तो शब्द कळायला क्षणभर लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि पास झालेल्या पोरासारखं त्याने विचारलं, “म्हणजे माझं उत्तर बरोबर आलं?”

“तुम्ही म्हणताय तर असेल,” त्याच्या कानापलीकडे बघत अप्पा हळूच म्हणाले. “वर्ष झालं, मला दोन्ही सारख्याच दिसतात.”