अठ्ठ्याण्णवचा हात

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पडद्यावर आकडा उमटला: एकाहत्तर. यमुना गुरव चरकली. गेल्या आठवड्यात याच डॉ. शर्वाणी तगारेंच्या हाताला अठ्ठ्याण्णव गुण होते. तरी नवऱ्याच्या पोटात पुन्हा रक्त साचलं, याचा दोष ती त्याच्या नशिबाला देत होती.

आत शर्वाणी हातमोजे काढत होत्या. मोज्यांतले सेन्सर बोटांची प्रत्येक हालचाल टिपत, आणि जास्तीच्या हालचालीचे गुण कापले जात. पोट शिवण्याआधी आत एकदा हात फिरवून कुठे रक्त येत नाही ना, हे बघायची त्यांची जुनी सवय अशीच सुटली होती. मागच्या वेळी नजरेतून निसटलेली एक रक्तवाहिनी तेव्हापासून झिरपत होती. आज त्यांनी ती बांधली आणि मग सगळीकडे दोनदा हात फिरवला.

त्या बाहेर आल्या. "आता धोका नाही," म्हणाल्या.

यमुनानं हात जोडले. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "मागल्या वेळी किती चांगला चालला होता तुमचा हात. आज दमलात का मॅडम?"

शर्वाणींची मान खाली गेली.

"हो," त्या म्हणाल्या, "जरा दमलेच होते."