मैथिलीचं पान

"बाई, पुस्तक आणलंय. पण मी वा... वाचणार नाही," पाचवीतली मैथिली म्हणाली.

शाळेच्या ग्रंथालयाचा नियम साधा होता. पुस्तक परत करताना त्यातलं आवडलेलं एक पान त्या पुस्तकालाच मोठ्यानं वाचून दाखवायचं. पुस्तक तो आवाज जपून ठेवी आणि पुढच्या मुलाला ऐकवी.

"अडखळलेलं वाचन पुस्तक गा... गाळून टाकतं ना?"

"तशी सोय आहे. मी ती बंद ठेवलीय," ग्रंथपाल फडतरे बाई म्हणाल्या. "वाच. मला काही घाई नाही."

घंटा झाली. बाईंनी पुढच्या वर्गाला खुशाल व्हरांड्यात बसवलं आणि दार लोटून घेतलं. त्या एका पानाला मैथिलीला अकरा मिनिटं लागली.

पुढच्या आठवड्यात ती नवं पुस्तक घेत होती, तेव्हा तिसरीतली एक मुलगी मैथिलीनं परत केलेलं पुस्तक पोटाशी धरून बाईंकडे आली.

"बाई, ह्यातल्या ताईनं वाचलेलं आणखी एक द्या ना. बाकीचे सगळे भरभर पळतात. ही थांबते, तेवढ्यात मला अक्षरं लावता येतात."

बाईंनी मैथिलीकडे पाहिलं.

"उ... उद्या ये," मैथिली म्हणाली. "मी आज वाचून ठेवते."

छोटी गर्रकन वळली. तिनं आवाज ओळखला होता.