सातची चावी

अण्णांनी घड्याळ मनगटावर चढवलं, पट्टा नेहमीच्या भोकात अडकवला, आणि त्यांच्या मुलाने, श्रीरंगने सोडलेला सुस्कारा स्वयंपाकघरात आईलाही ऐकू गेला असावा. अण्णांचं घड्याळ दुरुस्तीला नेताना त्याच्याकडून रिक्षात राहिलं होतं. हे नऊशे रुपयांचं, नवंकोरं, पण जुन्या धाटणीचं. तशीच पिवळसर तबकडी, तसेच बारीक काटे.

निवृत्तीनंतरही अण्णांचा दिवस सातला चावी देऊन सुरू होई. आज त्यांनी बराच वेळ चावी फिरवली. "ही नुसतीच फिरतेय रे."

"आतलं यंत्र बदललंय, अण्णा. आता सेलवर चालतं. तुम्हाला काहीच करायला नको."

"मग सकाळी मी काय करू?"

पट्ट्यापासून काचेपर्यंत प्रत्येक शंकेला श्रीरंगने उत्तर तयार ठेवलं होतं. याला नव्हतं. त्याने खरं सांगून टाकलं.

अण्णा रागावले नाहीत. "तरीच हलकं लागतंय," म्हणाले. मग काळजीने, "पण ते ज्याला सापडलं असेल, त्याला सांगणार कोण? सव्विसाव्या वेढ्याला थांबायचं. सत्ताविसाव्याला ते रुसतं."